झिनिया : बियाण्याच्या बाजारात घडलेले फूल

पावसाळ्याच्या तोंडाशी वाफ्यात चिमूटभर बी विस्कटावे, रोपांची एकदा विरळणी करावी आणि दोन-अडीच महिन्यांत लाल, गुलाबी, केशरी, पिवळी, पांढरी, जांभळी अशी भरगच्च फुले घरात फुलदाणीसाठी तोडून आणावीत, इतके सोपे फूल अशी झिनियाची आज घराघरांतून ओळख आहे. ही ओळख फार जुनी नाही. मेक्सिकोच्या माळावर उगवणाऱ्या मूळ झाडाला मंद जांभळट रंगाच्या पाकळ्यांची एकच ओळ असते, आणि युरोपातील वनस्पतिउद्यानांत हे झाड पोहोचल्यानंतरही सुमारे साठ-सत्तर वर्षे त्याच्या रूपात सांगण्यासारखा पालट झाला नव्हता. शास्त्रज्ञांनी त्याला नाव दिले, वर्ग दिला, त्याची चित्रे काढून घेतली. परंतु आज बागेत दिसणारा झिनिया घडवला तो बियाणे विकणाऱ्या पेढ्यांनी, आणि तोही बहुतांशी १८५५ नंतरच्या काळात. या फुलाचा इतिहास लिहायचा तर वनस्पतिशास्त्राच्या ग्रंथांइतकेच बियाण्यांच्या सूचीपत्रांकडे पाहावे लागते.

झिनिया ही सूर्यफुलाच्या कुलातील, म्हणजे ज्याला शास्त्रात कंपॉझिटी किंवा अ‍ॅस्टरेसी कुल म्हणतात त्यातील प्रजाती असून तिच्यात सुमारे वीस जाती मोडतात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या नैर्ऋत्य भागापासून दक्षिण अमेरिकेपर्यंत त्या आढळतात, तरी त्यांचे माहेर म्हणजे मेक्सिको. बागेत लावली जाते ती मुख्यतः झिनिया एलेगन्स ही जाती. मेक्सिकोच्या ज्या पानझडी रानांत आणि गवताळ उतारांवर ती मूळची वाढते, तेथे हिवाळा व वसंत कोरडे जातात आणि पाऊस जूनपासून ऑक्टोबरपर्यंत पडतो. बी कोरड्या जमिनीत पडून राहते, पहिल्या पावसाबरोबर रुजते, पाऊस सरता सरता फुलते आणि थंडीच्या आधी बी धरून झाड वाळून जाते. दख्खनच्या पठारावरील पावसाचा क्रमही जवळजवळ हाच असल्यामुळे येथील बागेत झिनियाला मुद्दाम रुळवावे लागले नाही. युरोपातील माळ्यांना मात्र त्याच झाडासाठी काचघरात बी रुजवून, कडाक्याची थंडी टळल्याची खात्री करून मगच रोपे बाहेर काढावी लागत.

पुढील साऱ्या घडामोडी समजण्यासाठी झिनियाच्या फुलाची रचना ध्यानात घेणे आवश्यक आहे. ज्याला व्यवहारात एक फूल म्हणतात तो खरे तर अनेक बारीक फुलांचा दाट फुलोरा असतो व त्याला स्तबक असे म्हणतात. कडेला ज्या रुंद, रंगीत पाकळ्या दिसतात त्यांतील प्रत्येक पाकळी हे स्वतंत्र फूल असून त्याला किरणपुष्पक ही संज्ञा आहे. या पुष्पकांत केवळ स्त्रीकेसर असतो. मधोमध जो उंचवट्याचा भाग असतो तो नळीसारख्या लहान बिंबपुष्पकांचा. त्यांत पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असतात, व परागकण मिळतात ते येथूनच. उमलताना बिंबपुष्पके बाहेरच्या बाजूने आत अशा क्रमाने उघडतात आणि त्यांच्या पिवळ्या, ताऱ्यासारख्या तोंडांचे एक कडे मध्यभागाभोवती दिसू लागते. झिनियाची आणखी एक खूण अशी की त्याच्या किरणपुष्पकाची पाकळी बी पिकल्यावरही गळत नाही. ती कागदासारखी कडक होऊन बियाच्या टोकाला चिकटून राहते. वाळलेले फूल हातात चुरगळले तर एकेक पाकळी आपापले चपटे, बाणाच्या अग्रासारखे बी घेऊनच सुटते. फूल झाडावर आठवडेच्या आठवडे टिकते ते या चिवट पाकळ्यांमुळेच. ज्याला बागकामात दुहेरी किंवा गेंदेदार फूल म्हणतात, त्यात मधल्या बिंबपुष्पकांपैकी बहुतेकांचे रूपांतर पाकळीदार किरणपुष्पकांत झालेले असते. याचा परिणाम दुहेरी असतो : फूल भरदार दिसते, आणि पराग पुरवणारी पुष्पके त्या प्रमाणात कमी होतात.

युरोपात प्रथम पोहोचली ती बागेतील आजची जाती नव्हे, तर झिनिया पेरुव्हियाना ही लहान, विटकरी-लाल किंवा पिवळ्या फुलांची जाती. कार्ल लिनीयस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५३ च्या आपल्या ग्रंथात तिला दुसऱ्याच एका प्रजातीत बसवले होते. १७५९ साली त्याने तिच्यासाठी स्वतंत्र प्रजाती केली व तिला योहान गॉटफ्रीड झिन याचे नाव दिले. झिन (१७२७–१७५९) हा गॉटिंगेन विद्यापीठातील वैद्यकाचा अध्यापक व तेथील वनस्पतिउद्यानाचा प्रमुख. त्याची खरी कीर्ती वेगळ्या क्षेत्रातील आहे : मानवी डोळ्याच्या रचनेवर १७५५ मध्ये त्याने लिहिलेला ग्रंथ हा त्या विषयातील पायाभूत ग्रंथांपैकी एक गणला जातो, आणि डोळ्यातील भिंग जागच्या जागी धरून ठेवणाऱ्या तंतूंना नेत्रवैद्यकात अजूनही त्याचेच नाव आहे. हा झिन मेक्सिकोच्या डोंगरात फुले गोळा करीत असता दरोडेखोरांनी त्याला अडवले आणि त्याच्या झोळीत सुकलेल्या जांभळ्या फुलांखेरीज काही न सापडल्याने वेडा समजून सोडून दिले, अशी एक गोष्ट बागकामाच्या लोकप्रिय पुस्तकांतून फिरत असते. जर्मनीत शिकवत असताना वयाच्या एकतिसाव्या वर्षी वारलेल्या या शरीरशास्त्रज्ञाच्या चरित्रात तिला कोठेच जागा नाही. मात्र ती इतकी सोयीची आहे की तिचे पुनर्मुद्रण थांबण्याची चिन्हे नाहीत.

बागेतील झिनिया युरोपात आला तो अठराव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत आणि स्पेनमार्गे. नव्या स्पेनमधील, म्हणजे तेव्हाच्या मेक्सिकोतील, वनस्पतींची पद्धतशीर नोंद व्हावी म्हणून स्पेनच्या राजाने १७८७ मध्ये मार्तीन दे सेसे याच्या नेतृत्वाखाली एक मोहीम काढली होती. तिचाच भाग म्हणून मेक्सिको शहरात वनस्पतिउद्यान स्थापन झाले आणि तेथील अध्यापक विसेंते सेर्वांतेस याच्याकडून माद्रिदच्या राजउद्यानाला बी-बियाणे जाऊ लागले. माद्रिदमध्ये ते रुजवून फुलल्यावर आंतोनियो होसे काव्हानिय्येस या धर्मोपदेशक-वनस्पतिशास्त्रज्ञाने १७९१ मध्ये आपल्या सचित्र ग्रंथाच्या पहिल्या खंडात त्यांतील अनेक वनस्पतींची वर्णने छापली. डेलिया, कॉसमॉस आणि झिनिया ही तिन्ही मेक्सिकन फुले या एकाच खंडात आहेत, हा योगायोग बागांच्या इतिहासात महत्त्वाचा मानला पाहिजे. काव्हानिय्येसने झिनियाला त्याच्या रंगावरून व्हायोलासिया हे जातिनाम दिले होते. त्याच सुमारास व्हिएन्नाच्या जॅक्विन या वनस्पतिशास्त्रज्ञाने दिलेले एलेगन्स हे नाव बियाण्याच्या व्यापारात रुळले आणि टिकले. मूळ झाडाचा रंग कोणता होता, याची साक्ष मात्र मागे पडलेले नावच अधिक स्पष्टपणे देते.

एका खंडातून निघालेल्या या तीन फुलांपैकी डेलियाचे भाग्य तात्काळ उघडले. १८१० ते १८४० या काळात युरोपात डेलियाचे जवळजवळ वेड पसरले, शेकडो नावाजलेले वाण निघाले आणि त्यांच्या स्पर्धा भरू लागल्या. झिनिया त्याच बागांत होता, पण कडेच्या वाफ्यात. याचे कारण केवळ अभिरुचीत शोधून चालणार नाही. डेलियाला जमिनीत कंद धरतात. एखाद्या रोपाला चुकून विलक्षण फूल आले, तर त्याचा कंद फोडून तेच झाड वर्षानुवर्षे जसेच्या तसे वाढवता येते, त्याला नाव देता येते आणि ते विकता येते. झिनिया एका हंगामाचे झाड. त्याला कंद नाही, छाट कलमाची सोय नाही. फूल कितीही सुंदर निघाले तरी माळ्याच्या हाती उरते ते बी, आणि त्या बियात मधमाश्या व फुलपाखरे यांनी शेजारच्या कोणत्या झाडाचा पराग मिसळला आहे हे सांगता येत नाही. झिनियात परपरागण, म्हणजे एका झाडाच्या परागाने दुसऱ्या झाडाच्या फुलाचे फलन होणे, हाच मुख्य प्रकार आहे. म्हणून येथे एका भाग्यवान झाडाला किंमत नव्हती. एक सबंध वाण, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या तेच रूप देणाऱ्या झाडांचा समुदाय, तयार करणे भाग होते. हे काम हौशी उमरावाच्या किंवा एकट्या माळ्याच्या आवाक्यातले नव्हते. त्याला एकरांनी जमीन, पगारी माणसे आणि दहा-वीस वर्षांचा धीर लागतो, आणि या तिन्ही गोष्टी ज्यांच्यापाशी होत्या त्या बियाण्याच्या पेढ्या एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या फुलाकडे वळल्या नव्हत्या.

त्या वळल्या त्याला निमित्त हिंदुस्थान ठरले. ईस्ट इंडिया कंपनीच्या अमलात कलकत्त्याचे वनस्पतिउद्यान १७८७ मध्ये सुरू झाले होते आणि १८२० मध्ये तेथेच विल्यम कॅरी याने शेती व बागकामाच्या प्रसारासाठी एक संस्था काढली. हा तोच श्रीरामपूरचा मिशनरी, ज्याने १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण आणि १८१० मध्ये मराठी-इंग्रजी शब्दकोश छापला. मराठी वाचकाला त्याचे नाव भाषेच्या इतिहासात भेटते, पण त्याची स्वतःची ओढ भाषेइतकीच बागेकडेही होती. अशा संस्था परदेशांतून फुलांचे व भाज्यांचे बी मागवीत आणि सभासदांत वाटीत, त्यामुळे छावण्यांच्या, मळ्यांच्या आणि जिल्ह्याच्या ठाण्यांच्या बागांतून अमेरिकेतील हंगामी फुलझाडे, म्हणजे एका मोसमात उगवून फुलून संपणारी झाडे, झपाट्याने पसरली. युरोपच्या मानाने येथील ऊन आणि पाऊस झिनियाला मानवणारे होते; बी भरपूर धरत असे व ते येथेच पुन्हा पेरले जात असे.

१८५० च्या दशकाच्या उत्तरार्धात ईस्ट इंडीजमधून, म्हणजे त्या काळच्या भाषेत हिंदुस्थानाकडून, गेलेले झिनियाचे बी फ्रान्सच्या दक्षिणेस पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या बान्येर गावच्या ग्राझां नावाच्या बागवानाच्या हाती आले. त्या बियातून उगवलेल्या झाडांत काहींना गेंदेदार फुले आली. ग्राझांकडून ते बी पॅरिसच्या व्हिलमोरँ पेढीकडे गेले, आणि १८६० नंतरच्या काही वर्षांत दुहेरी झिनिया युरोप व अमेरिकेच्या सूचीपत्रांत नवलाई म्हणून झळकू लागला. लेखी नोंदी फ्रान्समधील बागवानाच्या नावापासून सुरू होतात. परंतु ज्या बियात हा गुण आधीच उतरलेला होता ते ज्या माळ्यांनी हिंदुस्थानातील एखाद्या बागेत वेचले आणि सुकवून पुडीत बांधले, त्यांचाही या घटनेत वाटा धरला पाहिजे. गेंदेदार फूल एकाएकी एका झाडावर उपजले असेल, तरी त्याचे बी इतरांपासून वेगळे राहिले नसते तर ते पुढच्याच पिढीत एकेरी फुलांच्या परागात विरून गेले असते.

हे बी व्हिलमोरँकडे गेले याला विशेष अर्थ आहे. १८५० च्या दशकात या घराण्यातील लुई दे व्हिलमोरँ याने साखरेच्या बीटावर काम करताना निवडीची एक नवी रीत घालून दिली होती. त्यापूर्वी चांगल्या दिसणाऱ्या साऱ्या झाडांचे बी एकत्र करून पुढे पेरण्याची चाल होती. त्याने प्रत्येक झाडाचे बी वेगवेगळे राखले, वेगवेगळ्या ओळींत पेरले आणि झाडाची पारख त्याच्या स्वतःच्या रूपावरून न करता त्याच्या संततीवरून केली. ज्याची संतती एकसारखी व गुणवान निघाली त्याचीच ओळ पुढे चालली. गेंदेदारपणा हा असाच गुण आहे : एकच भरगच्च फूल पाहून काही कळत नाही, त्याच्या बियातून शंभरांत किती झाडे गेंदेदार निघतात हे पाहावे लागते. पॅरिसप्रमाणेच जर्मनीतील एर्फुर्ट हे तेव्हा फुलांच्या बियाण्याचे मोठे केंद्र होते. १८४३ मध्ये स्थापन झालेली बेनारी पेढी तेथलीच, आणि १८६० च्या सुमारास मेक्सिकोतील आणखी एका ठेंगण्या, पिवळ्या-तपकिरी फुलांच्या जातीला झिनिया हागियाना हे नाव मिळाले तेही एर्फुर्टच्या हागे या बियाणे-व्यापारी घराण्यावरून. फुलाच्या नावात आता शास्त्रज्ञाच्या जोडीला व्यापारीही आला होता.

अमेरिकेत या सूचीपत्रांना टपालाने फार मोठे क्षेत्र उघडून दिले. फिलाडेल्फियात १८७६ मध्ये सुरू झालेल्या बर्पी पेढीसारख्या संस्था रंगीत चित्रांची सूचीपत्रे लाखांनी छापीत. आणि १८९६ पासून खेड्यापाड्यांत घरपोच टपाल सुरू झाल्यावर शेतकऱ्याच्या घरातील बाईलाही काही सेंटांत बियाची पुडी मागवता येऊ लागली. गुलाबाचे कलम किंवा डेलियाचा कंद परवडत नसेल अशा घरासाठी झिनियाची पुडी अगदी योग्य होती : बी मोठे, हाताला लागणारे, उगवण चार-पाच दिवसांत, कडक उन्हाची भीती नाही. फूल घरगुती झाले ते अशा रीतीने, महागाईच्या उलट्या बाजूने. इंडियाना राज्याने १९३१ मध्ये झिनियाला आपले राज्यपुष्प ठरवले, ही त्या लोकप्रियतेची सरकारी मोहर म्हणता येईल. १९५७ मध्ये तो मान पिओनीकडे गेला.

रूपातील पुढची मोठी उडी कॅलिफोर्नियात पडली. फुलांचे बी पिकवण्याचा धंदा तिकडे सरकला होता त्याचे कारण हवामानात आहे. फूल वाढवण्यासाठी पाऊस चालतो, पण बी पिकताना पाऊस झाला तर दाट फुलोऱ्यात पाणी साठून ते कुजते आणि पानांवरील ठिपक्यांचे रोग बियाबरोबर पुढच्या हंगामात जातात. कॅलिफोर्नियाच्या किनारपट्टीच्या खोऱ्यांत उन्हाळा व शरद कोरडे असतात व पाणी पाटाने देता येते, म्हणून बी स्वच्छ मिळते. तेथील बॉजर या इंग्लंडमधून आलेल्या कुटुंबाच्या शेतात १९२० च्या सुमारास जॉन बॉजर याला पाकळ्या जाड, एकीवर एक कौलांसारख्या बसलेल्या, डेलियाशी साम्य असणारी मोठी फुले दिसली. त्यांतून डेलियाफुली झिनिया निघाला, व पुढे काही वर्षांत चपट्या, अधिक रुंद फुलांचा कॅलिफोर्निया जायंट हा वाण आला. शंभर वर्षांपूर्वी डेलियाच्या सावलीत राहिलेल्या फुलाची थोरवी अखेर डेलियाचेच नाव लावून विकली गेली, हा बाजाराचा विनोद नोंदवण्याजोगा आहे.

या शेतांतील कामाची रीत थोडी बारकाईने पाहिली पाहिजे, कारण झिनियाचे रंग तिनेच राखले. एकेका रंगाचा पट्टा दुसऱ्यापासून माश्यांच्या उडण्याच्या टप्प्याबाहेर, पुष्कळ अंतरावर पेरला जातो. पहिली फुले उमलू लागली की माणसे ओळीओळीने चालत जातात आणि ज्या झाडाचे फूल ठरलेल्या रंगाहून एक छटा वेगळे, एकेरी, किंवा मध्यभाग उघडा पडलेले दिसेल ते मुळासकट उपटून टाकतात. बियाण्याच्या शेतीत याला भेसळ काढणे म्हणतात. ही फेरी एकदा नव्हे, फुलण्याच्या काळात पुन्हापुन्हा घालावी लागते, आणि घाईत काढावी लागते, कारण उशिरा ध्यानात आलेल्या झाडाचा पराग तोवर शेजारच्या फुलांवर गेलेला असतो. शेंदरी, शेवाळी-पिवळा, मोतिया, किरमिजी अशी जी नावे सूचीपत्रात सलग छापलेली दिसतात त्यांच्यामागे अशा चालण्याचे अनेक हंगाम असतात. झिनियाच्या रंगांत लाल-जांभळ्या छटा अँथोसायानिन या रंगद्रव्याच्या आणि पिवळ्या-केशरी छटा प्रामुख्याने कॅरोटीन वर्गातील द्रव्यांच्या. दोहोंच्या मिश्रणातून जवळजवळ सारी रंगपेटी मिळते, फक्त खरा निळा रंग मिळत नाही, आणि शंभर वर्षे निवड करूनही तो मिळालेला नाही.

विसाव्या शतकाच्या मध्यानंतर निवडीच्या जोडीला संकर आला. दोन शुद्ध वाणांच्या संकरातून निघणाऱ्या पहिल्या पिढीची झाडे जोमदार व एकसारखी असतात; परंतु झिनियाच्या एकाच फुलोऱ्यात शेकडो पुष्पके असल्यामुळे प्रत्येकातील पुंकेसर हाताने काढून संकर करणे परवडणारे नव्हते. उपाय सापडला तो एका सदोष झाडात. काही झाडांच्या फुलोऱ्यांत पाकळ्याही नसतात आणि पुंकेसरही नसतात. उरतो तो नुसता हिरवट झुबका. बागेत असे झाड कोणीही फेकून देईल, पण परागच नसल्यामुळे संकराची मादी म्हणून ते नेमके उपयोगाचे ठरले. हा दोष अप्रभावी जनुकाने येत असल्याने मादीच्या ओळीत अर्धी झाडे नेहमीसारखी पाकळीदार निघतात आणि ती पराग सोडण्यापूर्वी एकेक उपटावी लागतात. संकरित बियाची पुडी महाग असते याचे कारण या मजुरीत आहे. याच काळात कुंडीत मावतील अशा ठेंगण्या वाणांकडेही लक्ष वळले, व थंबेलिना या वीतभर उंचीच्या वाणाला १९६३ मध्ये अमेरिकेतील फुलवाणांच्या राष्ट्रीय चाचणीत सुवर्णपदक मिळाले.

उरला होता तो भुरीचा प्रश्न. भुरी म्हणजे पानांवर पिठासारखा पांढरा थर आणणारा बुरशीजन्य रोग. हवा दमट आणि रात्री थंड झाल्या की झिनियाची खालची पाने तिने पांढरी पडतात व झाड फुले देत असतानाच कुरूप दिसू लागते. मेक्सिकोतील झिनिया अंगुस्तिफोलिया ही अरुंद पानांची, लहान केशरी फुलांची जाती या रोगाला सहसा दाद देत नाही. दोन्ही जातींचा संकर मात्र वांझ निघतो, कारण एकीत गुणसूत्रांची संख्या २४ आणि दुसरीत २२ आहे; त्यांच्या जोड्या जुळत नाहीत. मेरिलँड विद्यापीठातील स्टिमार्ट आणि बॉइल यांनी १९८० च्या दशकात अशा संकरातील गुणसूत्रे कॉल्चिसीन या द्रव्याने दुप्पट करून बी धरणारी संतती मिळवली, आणि १९९१ मध्ये तिला झिनिया मेरिलँडिका असे नावही मिळाले. दोन जातींच्या संकराच्या याच वाटेने जपानच्या साकाता पेढीचा प्रोफ्युजन हा वाण बाजारात आला. १९९९ मध्ये त्याच्या दोन रंगांना तेच सुवर्णपदक मिळाले. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर अंतराळवीर स्कॉट केली याने ज्या झिनियाचे छायाचित्र जानेवारी २०१६ मध्ये प्रसिद्ध केले तोही याच वाणाचा. अंतराळात उमललेले पहिले फूल म्हणून तेव्हा त्याची वार्ता झाली, पण तो मान त्याचा नव्हे. एका मोहरीवर्गीय रोपट्याला १९८२ मध्येच सोव्हिएत स्थानकावर फुले आली होती.

महाराष्ट्रातील बागांत झिनिया शिरला तो पुण्या-मुंबईच्या छावण्या, बंगले आणि सरकारी उद्यानांच्या वाटेने. पुण्याजवळ गणेशखिंडीचे वनस्पतिउद्यान १८७३ मध्ये स्थापन झाले आणि त्याचा अधीक्षक जॉर्ज मार्शल वुड्रो याने हिंदुस्थानी हवामानातील बागकामावर लिहिलेले पुस्तक अनेक आवृत्त्यांतून वाचले गेले. इंग्लंडच्या पंचांगाप्रमाणे मार्चमध्ये फुलझाडे पेरणाऱ्या बंगलेवाल्यांना येथील हंगाम समजावून सांगणे हे अशा पुस्तकांचे मुख्य काम होते : पॅन्सी, फ्लॉक्स, स्वीट पी यांसारखी थंडीची फुलझाडे पाऊस संपल्यावर पेरावीत आणि पावसाळ्यात झिनिया, बालसम म्हणजे तेरडा, कॉसमॉस यांवर भर द्यावा. १८८४ मध्ये पुण्यात पेस्तनजी पोचा यांची बियाणे पेढी सुरू झाली, आणि परदेशी फुलांचे बी मागवण्यासाठी बोटीची वाट पाहण्याची गरज हळूहळू उरली नाही. बंगल्याच्या दर्शनी वाफ्यातून शाळेच्या, कचेरीच्या आणि वाड्याच्या परसबागेपर्यंत झिनिया उतरला तो या पुड्यांमुळे.

तरीही मराठी घरात त्याला जे स्थान मिळाले ते त्याच मेक्सिकोतून, त्याच कुलातून आलेल्या झेंडूशी ताडून पाहिले तर तोकडे वाटते. झेंडू दसऱ्याच्या तोरणात गेला, देवाच्या हारात गेला, बाजारात किलोने विकला जाऊ लागला. त्याच्यावाचून खंडेनवमीला हत्यारांची पूजा आज कोणाला कल्पता येणार नाही. झिनिया मात्र फुलदाणीतच राहिला. झेंडू सतराव्या शतकाच्या आसपासच येथे रुळलेला होता आणि झिनिया त्याच्यानंतर पुष्कळ उशिरा, तोही साहेबाच्या बागेतून आला, हे एक कारण सांगता येईल. परंतु फुलांची घडणही विचारात घ्यावी लागते. झेंडूचे बोंड मऊ व दाबले तरी पुन्हा फुगणारे असते, सुई त्याच्या देठाच्या बुडातून सहज जाते, त्याच्या पाकळ्या सुट्या करून उधळता येतात, आणि त्याला स्वतःचा उग्र का होईना, वास आहे. झिनियाला वास नाही. त्याच्या बुडाशी कठीण छदांची, म्हणजे खवल्यांसारख्या पानांची, घट्ट वाटी असते, आणि पाकळी ओढली तर बियासकट निघते. पूजेच्या थाळीला जे फूल लागते ते हे नव्हे. लांब, ताठ देठावर आठ-दहा दिवस टिकणारे हे फूल मुळात पाण्याच्या पेल्यासाठीच घडलेले आहे. घरातील स्त्रिया ते केसात माळत नाहीत याचेही कारण त्याच घडणीत आहे.

येथील लागवडीची एक बाब युरोपी पुस्तकांत क्वचित आढळते. झिनिया हे लहान दिवसाचे झाड आहे, म्हणजे दिवसाची लांबी कमी झाली की ते लवकर फुलावर येते. जूनमध्ये पेरलेले झाड मोठ्या दिवसांत कमरेइतके वाढून मग फुलते. तेच ऑक्टोबरच्या अखेरीस पेरले तर गुडघ्याच्याही खाली राहून घाईने कळी धरते व त्याची फुले लहान होतात. म्हणून उंच, मोठ्या फुलांचे वाण पावसाळ्यासाठी आणि ठेंगणे वाण थंडीसाठी, हा जो प्रघात अनुभवी माळी पाळतात त्याला शास्त्राचा आधार आहे. पावसाळी झिनियाचे शेंडे रोपाला तीन-चार पानांच्या जोड्या आल्यावर खुडतात, त्यामुळे बगलेतून फांद्या फुटून झाड भरते. आणि पाणी पानांवर न मारता बुडाशी देतात, कारण ओली राहिलेली पाने ठिपक्यांच्या रोगांना बोलावतात.

बियाण्याच्या धंद्याचा नकाशाही दरम्यान पुन्हा बदलला. कॅलिफोर्नियातील जमीन आणि मजुरी महाग झाल्यावर फुलांचे बी पिकवण्याचे काम इतर देशांत सरकले, आणि पंजाबात पटियाळा-संगरूरच्या परिसरातील शेतकरी परदेशी पेढ्यांच्या करारावर फुलांचे बी पिकवू लागले. तेथे मजूर ओळींतून चालत भेसळ काढतात ती रीत बॉजरच्या काळापासून फारशी बदललेली नाही.

घरच्या बागेत ही फेरी कोणी घालत नाही. पुडीतील मिश्र रंगांची झाडे शेजारी शेजारी फुलतात, मधमाश्या त्यांचा पराग एकमेकांत मिसळतात, आणि मार्गशीर्षात वाळलेली फुले चुरून ठेवलेले बी पुढच्या मृगात पेरले जाते. पहिल्या वर्षी फरक जाणवत नाही. तिसऱ्या-चौथ्या वर्षी काही फुलांचा मध्यभाग उघडा पडतो. एकेरी फुलांत पराग अधिक असल्याने तीच पुढील पिढीवर अधिक उतरतात, फिकट पिवळा व मोतिया हे नाजूक रंग मागे पडतात, आणि वाफ्यात जांभळट गुलाबी, एकाच ओळीच्या पाकळ्यांची फुले वाढत जातात, जवळपास तशीच जशी काव्हानिय्येसने माद्रिदमध्ये पाहून व्हायोलासिया म्हणून नोंदवली होती. ज्यांना गेंदेदार फुले राखायची असतात ते अशी झाडे पहिले फूल उमलताच उपटतात आणि केवळ निवडलेल्या फुलांचे, विशेषतः कडेच्या पाकळ्यांना चिकटलेले चपटे बी वेगळ्या पुडीत बांधून ठेवतात. बाकीचे लोक दर दोन-तीन वर्षांनी नवी पुडी आणतात.